चौथे ऋण

बेंगळुरूच्या केंपेगौडा विमानतळावर मध्यरात्री उतरलेला प्रवासी सामान हाती येण्यापूर्वीच फोनवरून गाडी मागवतो, नेमलेल्या जागी जाऊन चालकाला संकेतांक सांगतो, आणि देवनहळ्ळीपासून शहराच्या मध्यापर्यंतचे सुमारे ३५ किलोमीटरांचे अंतर ओलांडून तो घरी उतरतो तेव्हा भाड्याची रक्कम बहुधा त्याच्या खात्यातून परस्पर वळती झालेली असते. कायद्याच्या दृष्टीने हिशेब बेबाक झाला, उभयतांनी एकमेकांस फारखत दिली. धर्माच्या दृष्टीने त्या प्रवाशाकडे काही बाकी राहते काय, हा प्रश्न मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे आपल्या परिचयाची आहेत. शतपथ ब्राह्मणात मात्र मनुष्यऋण हे चौथे सांगितले असून माणसांना आश्रय व अन्न देऊन ते फेडावे, असा त्याचा आशय आहे. हे ऋण करारातून उत्पन्न होत नाही, जन्माबरोबरच ते अंगावर येते; म्हणून कराराची रक्कम चुकती केल्याने ते फिटण्याचे कारण नाही. रात्री परक्या शहरात आलेला माणूस वस्तुतः अतिथी होय, आणि त्याला सुखरूप दारापर्यंत नेणारा चालक स्वतः मंड्याहून वा कोलारहून पोटासाठी आलेला असला, तरी त्या घटकेपुरता तोच यजमान ठरतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. ऋणाची भाषा आपल्या समाजात दुबळ्यांना जखडून ठेवण्यासाठीच अधिक वापरली गेली. बलुतेदाराच्या श्रमाचे मोल खळ्यावर, गावाच्या मर्जीने पदरात पडे, आणि महार वतनाचे हे दास्य मोडावे म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. त्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे आगाऊ ठरलेले भाडे आणि कोणाची जात न विचारता होणारा करार ही मुक्तीच वाटते, आणि ती मी कदापि कमी लेखणार नाही. उरलेली बाकी बक्षिसीने फेडावी असेही म्हणून मला वाटत नाही, कारण बक्षिसीबरोबर मर्जीचा अंमल पुन्हा सुरू होतो.

याच कन्नड मुलखात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह यांची शिकवण दिली, म्हणजे श्रमालाच उपासनेची प्रतिष्ठा दिली आणि त्या श्रमाच्या फळात समाजाचा वाटा मानला. २०२५ साली कर्नाटकाने केलेल्या कायद्याने या चालकासारख्या, ॲपवरून काम मिळवणाऱ्या कामगारांच्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याणशुल्क कंपन्यांकडून वसूल करण्याची तरतूद केली, तेव्हा भाडे चुकते झाल्यावरही काही देणे उरते हे सरकारने एका अर्थी मान्यच केले. परंतु हा कंपनीचा हिस्सा झाला. प्रवाशाचा हिस्सा कोणतेही सरकार वसूल करू शकत नाही.

तो हिस्सा मला सर्वाधिक दिसतो तो प्रवासाअखेरीस ताऱ्यांनी द्यावयाच्या शेऱ्यात. येथे प्रवासी न्यायासनावर बसतो, पण त्याला कारणे नमूद करावी लागत नाहीत आणि ज्याच्याविषयी निवाडा द्यायचा त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन त्याच्यावर नसते. शेऱ्यांची सरासरी घसरली तर त्या माणसाचे काम जाऊ शकते. विमान उशिरा आले, हेब्बाळच्या पुलापाशी वाहने तुंबली, म्हणून थकल्या अंगाने एखादा तारा कमी द्यावा, हा माझ्या मते उघड अधर्म आहे. शिलालेखावर अक्षर कोरणाऱ्याच्या सावधपणाने तो शेरा नोंदवावा. आणि गाडी आपल्याकडे निघाल्यावर दुसरी स्वस्त मिळाली म्हणून पहिली रद्द करणे, हे त्याहून वाईट. त्याचे शुल्क कंपनी कापून घेईल, परंतु प्रतीक्षेतल्या गाड्यांमधून आपली जागा सोडून जो आपल्याकडे निघाला, त्याचा गेलेला वेळ त्या शुल्काने भरून येत नाही. खरोखरच अपरिहार्य कारण उद्भवले असेल, तर बटण दाबण्यापूर्वी त्याला फोन करून स्वतःच्या तोंडाने तसे सांगावे, आणि तो दोन शब्द बोलला तर ते ऐकून घ्यावेत.