विस्तव राखणारे

मामाचा गाव आणि आगगाडी ही जोडी मराठी मुलांच्या मनात फार जुनी आहे. माझे भाग्य असे, की माझ्या बाबतीत दोन्ही खरे होते. मामा मूर्तिजापूरला राहत आणि तिथल्या छोट्या रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये खलाशी म्हणून नोकरीला होते. यवतमाळहून निघालेली गाडी दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला येई. तिथून दुसरी फांदी दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला जाई. दोन्ही मिळून १८९ किलोमीटर, आणि दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत आणून सोडावा, म्हणून इंग्रजी अमदानीत घातलेला हा मार्ग. लोकांनी या गाडीला लाडाने ‘शकुंतला’ म्हटले. गेल्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने बंद पडली आणि तिच्याविषयी हळहळीचे लेख येऊ लागले. तसा एक लेख मीही लिहिला. त्या लेखाने मला ज्या प्रश्नात ढकलले, तो आज वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

लेख मी मामांना वाचून दाखवला. त्यात शिट्टी होती, धूर होता, खिडकीतून दिसणारे पळस होते, शेवटच्या दिवसांत स्वतःच तिकिटे देणारा गार्ड होता. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत कसे धावले, हेही होते. मामांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “चांगलं लिवलं. पन याच्यात आमची शेड कुठी हाये?”

शेड नव्हती. ती माझ्या ध्यानातच आली नव्हती.

वाफेचे इंजिन हे किल्ली फिरवली की चालू लागणारे यंत्र नव्हे. थंड पडलेल्या इंजिनात वाफ धरायला तासच्या तास लागतात, आणि तिथे घाई करून चालत नाही. बॉयलर एकाएकी तापवला तर त्याच्या पत्र्यांवर आणि सांध्यांवर ताण येतो. म्हणून सकाळी सुटायच्या गाडीचा विस्तव रात्रीच पेटवावा लागे. आधी लाकडे आणि तेलकट चिंध्या, मग थोडा थोडा कोळसा. दिवसभर चालून आलेल्या इंजिनाची आणखी वेगळी सेवा. भट्टीतले खंगर फोडून काढायचे, राख खड्ड्यात पाडायची आणि खड्ड्यात उतरून ती उपसायची, नळ्यांतली काजळी झाडायची. पाण्यातला क्षार बॉयलरच्या आत थर धरून बसतो. ठरावीक मुदतीने बॉयलर थंड करून तो धुऊन काढायचा. दर्यापूरकडचा मुलूख तर खारपाण्याचाच. ड्रायव्हर-फायरमन इंजिनावर चढत तेव्हा काटा हवा तिथे आलेला असे. उतारूंना गाडी वेळेवर सुटलेली दिसे. ती सुटण्याजोगी कुणी केली, हे दिसण्याची सोयच नव्हती. जिथे जिथे इंजिन रात्रीच्या मुक्कामाला राहते, तिथे तिथे असा एखादा माणूस जागा असतोच.

आणि मला तर तो माणूस दिसत होता! सकाळी तो काळाठिक्कर होऊन घरी येई, मोरीत अर्धा तास अंग घाशी, आणि तरी नखांच्या कडा काळ्याच राहत. शाळेतल्या मित्रांना मात्र मी सांगितले होते की माझा मामा इंजिनाचा ड्रायव्हर आहे. मूल म्हणून ते खोटे क्षम्य असेल. पण चाळिशी उलटल्यावर लेख लिहिताना मी काय वेगळे केले? लहानपणी मामांची जागा बदलली होती, मोठेपणी ती पुसलीच. इंजिनाचे जन्मसाल मला पाठ होते; शेडमधल्या एकाही माणसाचे नाव मी लिहिले नव्हते.

डिझेल आले आणि हे सारे काम एकाएकी उरले नाही. गाडी त्यानंतरही अनेक वर्षे धावली. पण शेडमधला विस्तव आधीच विझला होता. मी मामांना विचारले, “तुम्हांला फार वाईट वाटलं असेल?”

“वाईट काऊन वाटंन?” मामा म्हणाले. “तीस वर्सात पयल्यांदा सकायपर्यंत झोपलो.”

या उत्तराने मी निरुत्तर झालो. ज्याने ते काम केले त्याला ते सुटल्याचा आनंद आहे, आणि ज्याने कधी फावडे हाती धरले नाही तो त्यासाठी उसासे टाकतो आहे! मग माझी हळहळ ही उतारूची चैनच नव्हे काय? क्षणभर वाटले, बरे झाले ते काम गेले. त्याबरोबर त्याची आठवणही जाऊ द्यावी. पण हाही निवाडा मला फार सोपा वाटला. कष्टांचे गोडवे गायले की कष्टणाऱ्याचा त्रास आपल्याला दिसत नाही, आणि ते कष्ट हीन होते असे म्हटले की त्याचे कसब दिसत नाही. दोन्हींकडून आपण मोकळे होतो. मामा मात्र मोकळे नव्हते. थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, “पन माह्या ड्यूटीत इस्तो कधी इझला नाही.” सुटकेचे समाधान आणि कामाचा अभिमान त्यांच्या मनात शेजारी शेजारी नांदत होते.

कृतज्ञता म्हणजे जुने परत यावे ही इच्छा नव्हे, असे मला आता वाटते. मामांनी पुन्हा त्या खड्ड्यात उतरावे असे मला स्वप्नातही वाटणार नाही. कृतज्ञता म्हणजे हिशेब खरा ठेवणे: आपल्या सोयीची किंमत कुणी भरली, कशात भरली, हे न लपवता सांगणे. कालिदासाच्या शकुंतलेला राजा विसरला, पण तिथे निदान शाप तरी होता. त्याची स्मृती परत आली ती एका कोळ्याला सापडलेल्या अंगठीमुळे. आणि त्या कोळ्याला शिपायांनी आधी चोर म्हणून धरले होते! आमच्या शकुंतलेचे विस्मरण शापावाचूनच झाले.

हा हिशेब जुन्या गाडीपुरता नाही. माझ्या शाळेची पहिली घंटा होते तेव्हा वर्ग झाडलेले असतात, पाण्याची टाकी भरलेली असते. ते कुणी आणि किती वाजता उठून केले, हे मी कित्येक वर्षे विचारले नव्हते. आता विचारतो. उशिराच.

त्या दिवशी निघताना मी मामांना ड्रायव्हरची ती जुनी थाप सांगून टाकली. वाटले, हसतील. ते म्हणाले, “मले मालूम होतं. म्हून तर तू दोस्ताइसंग फलाटावर असला की मी शेडीच्या मांगून घरी जात जावो.”