माप दोघांचेही



कायक म्हणजे केवळ पोटासाठी केलेले काम नव्हे, हे आपण प्रवचनांतून पुष्कळ वेळा ऐकले आहे. परंतु ऐकले ते बहुधा आपल्या स्वतःच्या कामाविषयी. दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले काम खोटे निघाले तर काय करावे? पैसा आपला, घर आपले, आणि पहिल्याच पावसात ओल धरणारी भिंतही आपलीच. अशा वेळी क्षमा करून गप्प बसावे, की जाब विचारावा? जाब विचारायचा तर तो कुठपर्यंत? ज्याने निवृत्तीची शिल्लक घराच्या डागडुजीत घातली आहे, त्याला हा प्रश्न मुळीच लहान वाटत नाही.

ग्वाल्हेरचे उदाहरण घेऊ. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तेथे छावणी टाकली, तिचेच पुढे लश्कर हे शहर झाले. शिंद्यांबरोबर गेलेली मराठी घराणी अजूनही तेथे नांदत आहेत. त्या भागातील जुन्या घरांच्या भिंती दगड-चुन्याच्या, आणि छत पुष्कळदा दगडी पटियांचे. समजा, असे एक घर तुमचे आहे. पटियांच्या सांध्यांतून पाणी गळू लागले, गिलाव्याचे पोपडे सुटले, म्हणून तुम्ही काम एका ठेकेदाराला दिले. उन्हाळ्यात काम झाले, रंग लागला, घर उजळले. आषाढ लागला आणि छत पुन्हा गळू लागले. श्रावणात भिंतीला खार फुटला. बोटाने ठोकले तर गिलावा पोकळ वाजतो. ठेकेदार म्हणतो, ‘घरच जुने आहे, मी काय करणार?’

घर जुने आहे हे खरेच. परंतु ते जुने आहे हे काम घेतानाही त्याला दिसत होते. चुन्याची जुनी भिंत आपल्यातला ओलावा बाहेर सोडत असते. तिच्यावर घट्ट सिमेंटचा थर चढवला की तो ओलावा कोंडतो, खार वर येतो आणि थर सुटतो. हे जाणणे हेच त्याचे कायक. दुसरी गोष्ट पाण्याची. सिमेंटचा गिलावा निदान सात दिवस ओला ठेवावा लागतो. तिकडे याला तराई म्हणतात. ग्वाल्हेरचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात दोन दिवस पाणी मारले नाही तर सिमेंटला बळ येण्याआधीच त्यातले पाणी उडून जाते. तिसरी गोष्ट वेळेची. कालवलेले सिमेंट साधारण अर्ध्या तासानंतर घट्ट होऊ लागते. दुपारच्या जेवणाआधी कालवलेला माल जेवणानंतर पुन्हा पाणी घालून वापरला, तर तो भिंतीला चिकटतो, पण धरत नाही.

यात चोरले काय गेले ते पाहा. एखादे पोते सिमेंट, काही बादल्या पाणी, काही तास. घेणाऱ्याला थोडे वाटते; देणाऱ्याचे सारे काम त्याने वाया जाते. शिवाय ही चोरी रंगाखाली झाकलेली असते. वाणी मापात मारतो ते निदान घरी येऊन पुन्हा मोजता येते. गिलाव्यातले माप पाऊसच मोजतो.

येथे आयदक्की मारय्या आणि त्यांची धर्मपत्नी लक्कम्मा यांची कथा आठवावी. हे दांपत्य कल्याणात राहत असे. अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक, आणि त्यातूनच त्यांचा दासोह चाले. एके दिवशी मारय्यांनी रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते घरात ठेवू दिले नाहीत. जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. ही कथा आपण निर्लोभतेची म्हणून सांगतो. ती मापाचीही आहे. तांदूळ चोरीचे नव्हते, कोणी मागायलाही येणार नव्हते. तरीही आपल्या कायकाच्या मापाहून अधिक जे घरात आले, ते आपले नव्हे, एवढाच लक्कम्मांचा न्याय होता.

हाच न्याय ठेकेदाराला लावा. वाचवलेले सिमेंट आणि चुकवलेली तराई हे त्याच्या घरात आलेले जास्तीचे तांदूळ आहेत. ते परत मागणे म्हणजे निर्दयपणा नव्हे. ‘जाऊ द्या, शिव बघून घेईल,’ असे म्हणणारा पुष्कळदा क्षमा करत नसतो, कटकट टाळत असतो. खरी क्षमा राग सोडते, हिशेब सोडत नाही. आणि तुम्ही गप्प बसलात तर तोच माणूस, तोच माल, पुढच्या गल्लीतल्या एखाद्या विधवेच्या छतावर चढणार आहे. तिच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

परंतु लक्कम्मांचा न्याय येथे थांबत नाही, तो आपल्याही उंबऱ्याच्या आत येतो. पाच जणांकडून भाव मागवून सर्वांत कमी भाव आपण निवडला, तेव्हा एवढ्या पैशात पुरेसे सिमेंट बसते का, हे विचारले होते का? लग्नाची तारीख धरून काम पंधरा दिवस आधी मागितले, तेव्हा तराईचे दिवस कोठून येणार होते? करार तोंडी ठेवला तो कोणाच्या सोयीसाठी? यामुळे ठेकेदाराचा दोष कमी होत नाही. त्या भावात चांगले काम होत नसेल तर नकार देणे हे त्याचे कर्तव्य होते. परंतु आपला वाटा आपण ओळखला म्हणजे बोलताना जिभेवर ताबा राहतो.

खरी कसोटी शेवटच्या हप्त्याची. समजा, तुमच्याकडे त्याचे चाळीस हजार रुपये राहिले आहेत आणि दुरुस्तीला पंचवीस हजार लागतात. राग म्हणतो, चाळीसही बुडवा. न्याय म्हणतो, पंचवीस अडवा आणि पंधरा द्या. वरचे पंधरा हजार ठेवून घेतले तर ते तुमच्या घरातले जास्तीचे तांदूळ झाले. आणि ते पैसे अखेर कोणाचे? ठेकेदाराखाली मिस्त्री असतो, मिस्त्रीखाली बेलदार आणि विटा-वाळू वाहणाऱ्या बाया. ‘मालकाने पैसे अडकवले’ असे सांगून ठेकेदार त्यांची मजुरी अडवतो. ज्या बाईने सांगितले तेवढेच पाणी मारले, तिने तुमचे काही चोरलेले नाही. म्हणून हिशेबाला बसाल तेव्हा पहिला प्रश्न विचारा: मजुरांची मजुरी चुकती झाली का? नसेल तर ती आपल्यासमोर देववा, आणि मग भांडा.

भांडणापेक्षा पारख बरी. ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधवला. स्थापत्य मायकेल फिलोज यांचे. तेथील दरबार सभागृहात प्रत्येकी साडेतीन टन वजनाची म्हणून प्रसिद्ध असलेली दोन झुंबरे आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची ताकद पाहण्यासाठी वर हत्ती चढवले होते, असे तेथे सांगतात. राजाने कारागिरावर विश्वास ठेवला आणि कामाची परीक्षाही घेतली. परीक्षा घेणे हा कारागिराचा अपमान नाही. चांगल्या कारागिराला तीच हवी असते. आपल्याला हत्ती नकोत. स्लॅबच्या गच्चीवर नळी बंद करून दोन दिवस पाणी साठवावे आणि खालून छत पाहावे. फरशी काठीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे. सिमेंटच्या पोत्यावरचा महिना वाचावा; तीन महिन्यांहून जुने, दमट जागी राहिलेले पोते परत पाठवावे. आणि हे सर्व रंग लागण्यापूर्वी, हप्ता देण्यापूर्वी करावे.

एवढे करूनही काम बिघडले तर आधी त्याला बोलावून दोष दाखवा, चारचौघांत नव्हे, भिंतीसमोर. दुरुस्तीची मुदत लिहून द्या व घ्या. तो आला नाही तर तिसऱ्या जाणत्या माणसाकडून पाहणी करून खर्चाचा अंदाज लेखी घ्या, छायाचित्रे व पावत्या जपा आणि नोटीस पाठवा. त्यानंतर ग्राहक आयोगाचे दार आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली असून, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. म्हणून ‘पुढच्या पावसाळ्यात पाहू’ असे दोनदा म्हणू नये. दाव्यातही माप तेच: जेवढे नुकसान तेवढीच मागणी.

हे पान वाचणाऱ्यांत काही ठेकेदार आणि गवंडीही असतील. त्यांना एवढेच सांगणे आहे की दोर वळणारे नुलिय चंदय्या, कपडे धुणारे मडिवाळ माचय्या, नाव चालवणारे अंबिगर चौडय्या हे शरण झाले ते आपापला धंदा सोडून नव्हे. पहिल्या पावसानंतर मालकाने बोलावण्यापूर्वी आपणच जाऊन छत पाहून यावे. गळत असेल तर सांगावे, ‘माझे चुकले, मी करून देतो.’ एका दिवसाची मजुरी जाईल, कायक राहील.

आणि तुम्ही, ज्यांच्या घरात ओल आली आहे, त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. एका बाजूला त्याच्याकडून येणे, दुसऱ्या बाजूला त्याला देणे. दोन्ही बाजू एकाच मापाने मोजून झाल्या, की मगच त्याच्या दारात जावे.

शरणु शरणार्थी.