ऊस नसलेला संचालक

वारणानगरात कुणालाही थांबवून विचारा, ‘ज्याच्या रानात उसाचं कांडं नाही, त्याला साखर कारखान्याचा कारभार द्यायचा का?’ तो आधी तुमच्या तोंडाकडं बघेल, मग ‘कुठलं गाव पाव्हणं?’ म्हणून विचारील. तात्यासाहेब कोऱ्यांनी तिथं कारखाना उभा केला. पुढं दूधसंघ आला, बाजार आला, पोरांचा वाद्यवृंद आला. सगळ्याच्या मुळाशी हिशेब एकच: ज्याचं जळतं त्याला कळतं, तर कारभारही त्यालाच करू द्या.

उसाला लावलेला हा न्याय आपण माणसाला मात्र लावत नाही. अपंगांसाठी भरलेली एखादी सभा आठवा. व्यासपीठावर सगळे धडधाकट, खाली पहिल्या रांगेत तीनचाकी सायकली. वर जायला पाच पायऱ्या असतात, त्यामुळं ही वाटणी कुणी न करताच होते.

आम्हा चालत्या माणसांकडं देण्यासारखा माल एकच, धीर. तो आम्ही पोत्यानं देतो. कमरेखाली संवेदना गेलेल्या माणसाजवळ बसून ‘होईल सगळं ठीक’ म्हणायचं, चहा प्यायचा आणि उठायचं. (उठता येतं, हाच आमचा मोठेपणा.) मग दुसरा खुर्चीवाला येतो आणि विचारतो, ‘भावा, आरशात पाठ बघतोस का रोज? दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन बूड उचलतोस का? नाही? मग जखम होणार, आणि ती तुला दुखणारबी नाही.’ यात धीर कुठंच नाही, पण माणूस वाचतो तो यानं.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचंच बघा. ऐन सोळा-सतराच्या वयात कमरेखालचं अंग लुळं पडलं. भोवती जीव टाकणारी माणसं होती. पण जगण्याची वाट दाखवली ती बाबूकाका दिवाणांनी, जे स्वतः चाकाच्या खुर्चीत होते. त्यांना उपदेश करायची गरजच नव्हती. ते समोर आले, एवढाच युक्तिवाद पुरेसा होता. पुढं १९८४ मध्ये नसीमाताईंनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन अनेकांनी वाचलं असेल.

तिकडं अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा गृहस्थ पोलिओनं मानेखाली लुळा, झोपायला लोखंडी फुप्फुसात. सरकारच्या पुनर्वसन खात्यानं शेरा मारला, हा नोकरीच्या कामाचा नाही. त्यानं १९७२ मध्ये बर्कलीत सोबत्यांबरोबर स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं, आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या त्याच पुनर्वसन खात्याचा प्रमुख होऊन बसला. तो शेरा लिहिणाऱ्या कारकुनाचं त्या दिवशी काय झालं असेल, या विचारानं मला अजून गुदगुल्या होतात. स्वतंत्र म्हणजे आपली बटणं आपण लावणं, असं तो मानतच नव्हता. बटणं कुणीही लावो, सदरा कुठला घालायचा हे मी ठरवणार. कारखान्याचा सभासद तरी घरी चरक घेऊन ऊस कुठं गाळतो?

यावर आमचे एक मास्तर म्हणाले, ‘मग बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरनं आधी बाळंत व्हायचं काय?’ प्रश्न वाजवी आहे. शिवाय ज्यानं सोसलं, त्यानंच पुन्हा इतरांना सावरत फिरायचं, ही वेठबिगारी झाली. खुर्चीतल्या माणसालाही कधी दार लावून क्रिकेट ऐकावंसं वाटतं. आणि सगळं त्यांचं त्यांच्यावर सोपवलं की आम्ही मोकळे, ही सोयही मला जरा जास्तच गोड वाटते. पण डॉक्टरनं बाळंतपण करावं; बाळाचं नाव ठेवायला बसू नये.

मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? मी एका खुर्चीवाल्या स्नेह्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘दोन कामं करा. न विचारता मागनं खुर्ची ढकलू नका. आणि तुमच्या सोसायटीच्या दारातली ती पायरी तेवढी फोडा.’

पहिलं काम मी लगेच सुरू केलं. पायरीचा ठराव सभेपुढं आहे. सभा दुसऱ्या मजल्यावर भरते.