जवाच्या पाच भाकरी



योहानकृत शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात एका मुलाकडे जवाच्या पाच भाकरी व दोन मासे होते, असे आपण ऐकतो. जव हे त्या काळी गरिबांचे धान्य. प्रभूने ते कमी लेखले नाही. त्याच भाकरींवर पाच हजार माणसे तृप्त झाली.

आपल्या बारामती-इंदापूरच्या जिरायती भागात गरिबांचे धान्य म्हणजे ज्वारी. 1885च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, पुढे ऊस वाढला, हाती पैसा आला. त्याबद्दल देवाचे आभार! पण पैशाबरोबर आपल्याला भाकरीची लाजही वाटू लागली. पाहुणे आले की आपण ती झाकून ठेवतो. मुलांच्या डब्यात बिस्किटांचा पुडा देतो आणि थोड्याच वेळात मूल पुन्हा भुकेले होते.

ज्वारीत तंतू भरपूर, म्हणून ती सावकाश पचते, पोटाला आधार राहतो. जोडीला मोडाची मटकी, हुलगे किंवा डाळ-पालेभाजी असली की अंगी ताकद येते. ऊसतोडीला आलेल्या आयाबाया पहाटे भाकरी थापूनच फडात जातात. दिवस कशावर निघतो, हे त्यांना ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून पाळले. जगाने दिलेला मान आपल्या ताटात कधी मिळणार?

प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजचे अन्न मागतो, चैन मागत नाही. म्हणून या आठवड्यात घरातील सर्वांनी एकत्र बसून आनंदाने भाकरी खाऊ या, आणि त्यातली एक जवळच्या कोपीवरील भुकेल्या लेकरासाठी राखू या.