पहिलीचा सलग आठवडा

पहिलीतल्या मुलाला शाळेचे वर्ष दिसत नाही. काल काय झाले हे त्याला सांगता येते, उद्या काय होणार हे थोडेफार कळते; त्यापलीकडचा काळ त्याच्या हाती लागत नाही. त्याचे शिकणे घडते ते सोमवार ते शनिवार या सहा दिवसांत, आणि हे सहा दिवस एकमेकांना लागून आले तरच घडते. आपली व्यवस्था मात्र वर्ष मोजते, दिवस मोजते, तास मोजते. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 कामाचे दिवस आणि 800 अध्यापनाचे तास सांगितले आहेत. हे दिवस सलग असावेत की विखुरलेले चालतील, याबद्दल कायदा काही बोलत नाही. लहान वर्गांच्या शिक्षणातली आपली बरीचशी हानी या न बोललेल्या जागेत होते, असे माझे म्हणणे आहे. ते तपासून पाहायचे तर नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजसारख्या परिसरात जावे.

टेकडीच्या पायथ्याचे तुळिंज गाव कधीच चाळी आणि इमारतींनी वेढले गेले. 1982च्या संपानंतर गिरणगाव सुटलेली कोकणातली कुटुंबे या पट्ट्यात आली, नंतर उत्तर प्रदेश, बिहार, गुजरातमधून माणसे आली, आणि आधीपासून राहणारे आदिवासी पाड्यांवर होतेच. आई वालीव-पेल्हारच्या एखाद्या गाळ्यात किंवा चार घरी धुण्याभांड्याला, वडील सकाळच्या लोकलमध्ये. घर बहुधा भाड्याचे, अकरा महिन्यांच्या कराराचे. अशा घरांतून आलेली पंचवीस-तीस मुले मराठी शाळेतल्या पहिलीच्या वर्गात बसतात तेव्हा त्यांच्या कानात मालवणी असते, भोजपुरी असते, गुजराती असते, वारली असते. पुस्तकातली मराठी त्यांपैकी कित्येकांच्या घरात कोणी बोलत नाही. ती भाषा त्यांना भेटते फक्त बाईंच्या तोंडून, रोज चार-पाच तास. हे तास सुटले तर ते घरी भरून काढायला कोणी नसते. म्हणूनच दादर-पार्ल्याच्या मुलाचा बुडालेला दिवस आणि तुळिंजच्या मुलाचा बुडालेला दिवस हजेरीपटावर सारखा दिसला तरी त्याची किंमत सारखी नसते.

असा वर्ग आठवडाभर मागे बसून पाहिला तर शिकणे कसे पुढे सरकते ते दिसू लागते. समजा, आधीच्या आठवड्यात क, म, ल, न ही चार अक्षरे झाली आहेत. शनिवारी जवळजवळ सगळ्यांना ती ओळखता येत होती. सोमवारी परिपाठ संपवून मुले वर्गात येतात, बाई फळ्यावर ‘म’ काढतात आणि निम्मा वर्ग ‘भ’ म्हणतो. एका रविवारने एवढे पुसले जाते. अनुभवी बाई यावर रागावत नाहीत. सोमवारचा पहिला तास हा गेलेले परत आणण्याचा, हे त्यांनी धरलेलेच असते. मंगळवारी काना येतो. चार अक्षरांना एक उभी रेघ लागली की काम, नाक, मान, कान, लाल, माल, मामा, नाना असे शब्द तयार होतात. पण काना ही मुलासाठी सोपी गोष्ट नाही. ‘न’ आणि ‘ना’ यांतला फरक कानाने ओळखायचा, डोळ्याने पकडायचा आणि हाताने काढायचा, अशी तीन कामे एकदम करायची असतात. मंगळवारी ती फक्त बाईंच्या मागे म्हणून होतात. बुधवारी दोन-तीन मुलांना स्वतःहून लागतात. गुरुवारी कोणीतरी आधी न पाहिलेला शब्द बोट ठेवून, अडखळत, एकट्याने वाचतो आणि मान वर करून बाईंकडे बघतो. शुक्रवारी असे सात-आठ जण होतात.

मंगळवारी काना शिकवला म्हणून मंगळवारी तो आला, असे होत नाही. येतो तो गुरुवारी, आणि तोही मधला बुधवार वाया गेला नसेल तर. बुधवारी बाई बैठकीला गेल्या, शेजारच्या वर्गाच्या बाईंनी दोन्ही वर्गांवर लक्ष ठेवले, मुलांनी पाटीवर चित्रे काढली, तर कामाचा दिवस भरला, तास भरले, खिचडी शिजली, हजेरी लागली. गुरुवारी मात्र बाईंना पुन्हा मंगळवारपासून सुरुवात करावी लागते. एक दिवस गेला की प्रत्यक्षात तीन जातात. वर्षाकाठी असे वीस-पंचवीस बुधवार गेले तर पहिलीचे मूल दुसरीत जाताना काना-वेलांटीशीच अडकलेले असते, आणि मग आपण म्हणतो की मूल कच्चे आहे.

गणिताची गोष्ट याहून नाजूक आहे. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. म्हणून मूल 52 लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ते 39 लिहिते. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाची ‘पच्चीस’ आणि ‘उनतीस’मध्ये हीच अडचण होते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जुनी नावे काढलेली नाहीत, आकडा समजायला एक जोडमार्ग दिला आहे, असे त्या सांगत राहिल्या. त्या वादात भाषेच्या अभिमानाबद्दल पुष्कळ बोलले गेले. मूल 52 का लिहिते, याबद्दल फारच थोडे. माझ्या मते नारळीकरांची बाजू बरोबर होती. तरीही नावे कोणतीही घ्या, दहा काड्यांचा गठ्ठा बांधणे, तो सोडणे, पुन्हा बांधणे, ‘दोन दशक, पाच सुटे’ हे हाताला कळणे, याला लागोपाठचे दिवस लागतातच. केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झाले. त्याची अपेक्षा अशी की पहिलीच्या अखेरीस मुलाला 99 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचता यावेत. अपेक्षा योग्य आहे. ती पुरी व्हायला बाई आणि मुले रोज एका खोलीत असावी लागतात, एवढी साधी अट मात्र फलकांवर कुठे लिहिलेली दिसत नाही.

शनिवारबद्दल थोडे वेगळे बोलतो. मार्च 2024च्या शासन निर्णयाने ‘आनंददायी शनिवार’ आला, आणि तो मला मनापासून आवडतो. लहान वर्गात त्या दिवशी गोष्ट वाचून दाखवावी, मातीकाम करावे, कधी रूळ ओलांडून पश्चिमेला सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत जावे. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केले, आणि अशोकाच्या शिलालेखाचा ब्राह्मी अक्षरांतला तुकडा याच सोपाऱ्यात त्या वर्षी मिळाला. नुकता काना शिकलेल्या मुलांना ‘आपल्या गावात दोन हजार वर्षांपूर्वीही लोक दगडावर अक्षरे काढत होते’ एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. पण हा शनिवार उपयोगी पडतो तो आधीचे पाच दिवस नीट गेले असतील तेव्हाच.

ते नीट का जात नाहीत? पावसाचे कारण खरे आहे. 10 जुलै 2018 रोजी नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या होत्या. तुळिंज रस्ता तर जरा मोठ्या सरीनेही तुंबतो आणि दूरहून लोकलने येणाऱ्या शिक्षिका अडकतात. घर बदलण्याचे कारण खरे आहे. करार संपला की कुटुंब आचोळ्याला किंवा विरारला जाते, मूल दोन-तीन आठवडे कोणत्याच शाळेत नसते, कारण पालकांना वाटते की दाखला मिळाल्याशिवाय प्रवेश नाही. प्रत्यक्षात दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 सांगते. धाकट्या भावंडाला सांभाळायला सात वर्षांच्या मुलीला घरी ठेवतात, हेही खरे. ही कारणे गरिबीतून आणि शहराच्या वाईट रचनेतून येतात. ती दूर व्हायला वेळ लागेल.

पण एक कारण आपण स्वतः निर्माण केले आहे. आपण पहिलीच्या बाईंना वर्गातून उठवतो. मतदार यादी, सर्वेक्षण, प्रशिक्षण, ऑनलाइन माहिती भरणे, फोटो पाठवणे, अहवाल. कायद्याच्या कलम 27ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडची अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. निवडणुकीच्या कामाबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सेंट मेरीज स्कूलच्या खटल्यात सांगितले होते की ही कामे सुटीच्या आणि बिगरशैक्षणिक दिवशी द्यावीत, एरवी अध्यापनाच्या दिवशी आणि वेळेत देऊ नयेत. 20 नोव्हेंबर 2024ला विधानसभेचे मतदान झाले, 15 जानेवारी 2026ला महापालिकेचे. जनगणना तोंडावर आहे. लोकशाहीची ही कामे व्हायलाच हवीत. त्यासाठी मनुष्यबळ हवे, हेही मला मान्य आहे. माझा आग्रह एवढाच आहे की ते मनुष्यबळ पहिली-दुसरीच्या वर्गांतून घेऊ नका. सातवीतले मूल दोन दिवस पुस्तक घेऊन स्वतः काही वाचू शकते. ज्याला अजून वाचताच येत नाही, त्याच्यापुढे पुस्तक ठेवून बाई निघून गेल्या तर त्याने करायचे काय?

इथे तुळिंजची आणखी एक अडचण येते. वसई-विरार महानगरपालिका 2009 साली झाली, तरी त्यानंतर वर्षानुवर्षे इथल्या सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या, आधी ठाण्याच्या आणि 1 ऑगस्ट 2014 नंतर पालघरच्या. पालक कर देत महापालिकेला आणि शिक्षक मागायला जात ग्रामीण भागासाठी असलेल्या संस्थेकडे. मुलांना वाचता येते का, हे तपासणारी ‘असर’ ही पाहणी ग्रामीण भारताची असते, त्यामुळे तिच्या आरशातही हा परिसर दिसत नाही. कोणाच्याच हिशेबात न बसणाऱ्या वस्तीत गल्लीबोळांतून विनापरवाना शाळा उभ्या राहतात, आणि पालक भरवशासाठी पैसे मोजून मुलांना तिथे घालतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. वर्ग रोज उघडतो, बाई रोज येतात, हे त्यांना तिथे दिसत असेल, तर ते नेमके काय शोधत आहेत हे आपण ओळखले पाहिजे.

याच जिल्ह्यात आठवडा तुटण्याच्या या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले गेले होते. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणल्या. कोसबाडची चर्चा आपण साधनांसाठी करतो, गाण्यांसाठी करतो. मला त्यात मोठे वाटते ते हे की या दोघींनी मुलाचा आठवडा कुठे तुटतो ते आधी पाहिले आणि तुटणारी जागा शिक्षणव्यवस्थेच्या बाजूने सांधली. तुळिंजमध्ये शाळेच्या आवारातच दिवसभराचे पाळणाघर असते, तर किती मुलींचे बुधवार आणि गुरुवार वाचले असते!

यावर कोणी म्हणेल की बाई वर्गात असूनही शिकवत नसतील तर काय उपयोग. शंका रास्त आहे. सलग आठवडा मिळाला की चांगले अध्यापन आपोआप घडते, असे मी म्हणत नाही. पण तुटक आठवड्यात उत्तम शिक्षिकाही हरते, हे मी पाहिले आहे. देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले 2022च्या ‘असर’ पाहणीत 16.3 टक्के होती, 2024 मध्ये 23.4 टक्के झाली. वाढ आनंदाची आहे. तरीही चारातली तीन मुले अजून बाहेर आहेत, आणि नवे अ‍ॅप, नवी पुस्तिका, नवा कृती कार्यक्रम आणताना वर्गातला शिक्षकच प्रशिक्षणासाठी बाहेर काढावा लागतो, हा विरोधाभास कोणी सोडवत नाही.

पहिली-दुसरीच्या शिक्षिकांना वर्गातून न उठवण्याचा शासन निर्णय निघेल तेव्हा निघेल. तोवर एक अधिकार पालकांच्या हातात आहे. प्रत्येक सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात, हा कायदा आहे. तुळिंजमधल्या, किंवा तुमच्या गावातल्या समितीवर तुम्ही असाल तर पुढच्या मासिक बैठकीत गणवेश आणि स्नेहसंमेलन यांच्या आधी हा विषय घ्या: गेल्या महिन्यात पहिली आणि दुसरीच्या शिक्षिका किती आठवडे सलग वर्गात होत्या, आणि ज्या दिवशी नव्हत्या त्या दिवशी त्यांना कोणाच्या आदेशाने बाहेर पाठवले गेले? हे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.