कीर्ती आणि कर्तृत्व

झाशीच्या सिव्हिल लाइन्समधील आमच्या सायंकाळच्या बैठकीत परवा प्रश्न निघाला: समाजमाध्यमांवर ज्या प्रशिक्षकाचे लाखो अनुयायी, त्याचाच संघ स्पर्धा जिंकेल, असे भाकीत करता येईल काय? ध्यानचंदांच्या या गावी नावाचा महिमा कोण नाकारील? तरी आम्हांस अमोल मुजुमदार आठवले. १९८८ साली सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी शालेय सामन्यात ६६४ धावांची भागी रचली, तेव्हा मुजुमदार पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. पुढे प्रथम श्रेणीत ११,००० हून अधिक धावा काढूनही भारतातर्फे खेळण्याचा योग त्यांना आला नाही. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय महिलांनी २०२५ साली विश्वचषक जिंकला. त्याच स्पर्धेत ओळीने तीन सामने गमावले, तेव्हाही प्रशिक्षक तेच होते. तेव्हा कीर्ती काय किंवा एखाददुसरा निकाल काय, दोन्ही साक्षी अपुऱ्याच. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या आणि त्याची वाट पाहणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानी ठेवावे. माणसाचे मोल त्याच्या नित्याच्या कामावरून करावे, हाच न्याय. पण तो कठीण आहे, कारण त्यासाठी जवळ जाऊन पाहावे लागते.