डब्यातलं डंजन

पंचाहत्तरी उलटल्यापासून अण्णांना एसटीत तिकीट लागत नाही. तेव्हापासून माझ्या वडलांचा पाय घरात ठरत नाही. महिनाभर पुण्यात आमच्याकडे, की मग वाकडेवाडीहून नाशिकची गाडी, माझ्या धाकट्या बहिणीकडे. पिशवीत कपड्यांचे दोन जोड, गोळ्यांच्या पट्ट्या आणि या घरातून त्या घरात जाणारा एक स्टीलचा डबा. डब्यात कधी चिवडा, कधी मेतकूट. एका मे महिन्यात त्यातून एक बाहुली गेली.

मुठीत मावेल एवढी, हिरव्या अंगरख्यातली, हातात ढाल-तलवार घेतलेली. माझ्या नणंदेनं सिंगापूरहून स्विच हा व्हिडिओ गेमचा कन्सोल आणला, त्याच्याबरोबर ही आली. अशा बाहुलीला अमीबो म्हणतात. तिच्या बैठकीत चिप असते आणि त्या चिपमध्ये खेळातलं काहीबाही साठवता येतं. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीनं तिच्यात एक अख्खं डंजन, म्हणजे खोल्याखोल्यांचं भुयार, भरलं होतं, नाशिकच्या नऊ वर्षांच्या मावसभावासाठी.

खेळ होता झेल्डा मालिकेतला 'लिंक्स अवेकनिंग'. मूळचा 1993 सालचा, गेम बॉयच्या रंग नसलेल्या इवल्याशा पडद्यावरचा. वादळात गलबत फुटतं, नायक लिंक कोहोलिंट नावाच्या बेटावर वाहत येतो आणि आठ डंजनांमधून आठ वाद्यं गोळा करून डोंगरावर झोपलेल्या पवनमाशाला जागं करायचं असतं. 2019 मध्ये तो नव्यानं बांधला गेला. बेट जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं. एक झोपडी मात्र नवी आली, डॅम्पे नावाच्या थडगी खोदणाऱ्या म्हाताऱ्याची. मारिओ मेकर या खेळात लोक स्वतःचे टप्पे रचतात, तसं झेल्डात काही करता येईल का, असं झेल्डाचे जनक शिगेरू मियामोतो यांनी निर्माते एइजी आओनुमा यांना विचारलं होतं. त्याचं उत्तर म्हणजे ही झोपडी. खरं तर 1986 च्या पहिल्या झेल्डाची सुरुवातही याच कल्पनेतून झाली होती: एकानं डंजन रचायचं, दुसऱ्यानं ते सोडवायचं. तेव्हा ती मागे पडली.

डॅम्पेकडे प्रत्येक खोलीची एक फरशी असते. आठ बाय आठच्या पटावर त्या मांडायच्या, दाराला दार जुळवायचं, शेवटी राक्षसाची खोली. किल्ली कुठल्या पेटीत ठेवायची ते खेळ ठरवतो, पेटीची खोली कुठे बसवायची ते आपण. पण डंजनांतल्या खोल्या तुम्ही स्वतः त्या डंजनांमधून गेल्यावरच हाती येतात. न चाललेली वाट दुसऱ्याला देता येत नाही. अनेक समीक्षकांना हा भाग तोकडा वाटला, कारण भिंत आपण बांधायची नाही, शत्रू आपण नेमायचे नाहीत आणि रचलेलं इंटरनेटवरून जगाला पाठवायचंही नाही. द्यायचं तर बाहुलीत घालून, हातानं. मला हे शेवटचं बंधन फार आवडलं. ज्याला द्यायचं त्याचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवूनच द्यावं लागतं.

लेकीच्या डोळ्यांपुढे मात्र त्या दिवशी वेगळंच होतं. शाळेची सहल देवगिरीला जाऊन आली होती. खंदक ओलांडून डोंगराच्या पोटात शिरणारी अंधारी, कमी-जास्त उंचीच्या पायऱ्या, वटवाघळांचा वास, काळोखात वळणारी वाट, हे सगळं तिच्या अंगावर अजून काटा आणत होतं. "मी अंधारीच करणारेय," ती म्हणाली. सगळ्यात अवघड खोल्या तिनं सुरुवातीलाच एकीला एक लावून मांडल्या. दोन लांबलचक फाटे काढले, त्यातला एक कुठेच न जाणारा. पेट्या एका टोकाला, कुलपाची दारं दुसऱ्या टोकाला. मग स्वतः चार वेळा पार करून दाखवलं आणि बाहुली डब्यात घातली.

अण्णा तीन आठवड्यांनी परत आले. खेळातलं त्यांना काही कळत नाही. पण ते उभा जन्म एसटीत कंडक्टर होते आणि माणूस कधी उभा राहतो, कधी चुळबुळतो, कुणाचा थांबा चुकलाय, हे त्यांना पाठीवरून कळतं. नाशिकला नातवाच्या मागे खुर्ची टाकून ते बसले होते. हा खेळ बनवणाऱ्या निन्तेन्दोचे दिवंगत अध्यक्ष सातोरू इवाता मियामोतोंबद्दल असंच काही सांगायचे: ज्याला व्हिडिओ गेमची गंधवार्ता नाही अशा कुणाला तरी धरून आणायचं, हातात कंट्रोलर द्यायचा आणि मागे उभं राहून नुसतं पाहायचं. अण्णांनी हे कधी ऐकलेलं नव्हतं.

"आधी पुढे सरसावून बसला होता," त्यांनी सांगितलं. "पहिल्याच खोलीत दोनदा मेला. मग त्या फाट्यावर डावीकडे गेला, परत आला. पुन्हा डावीकडेच गेला. मग मागे टेकला. पाणी पिऊन येतो म्हणाला आणि आलाच नाही."

"अवघड आहे म्हणाला ना?" लेकीचा चेहरा फुलला होता.

"नाही. मला येत नाही, म्हणाला."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "पण आजोबा, मी चार वेळा केलं! होतं ते."

"तुझंच घर आहे ते, बाळा. तुला दिवा कशाला लागेल?" अण्णांनी चष्मा पुसला. "देवगिरीची वाट ज्यांनी खोदली, त्यांना आत शिरलेला वर पोचायला नको होता. ते बरोबरच होतं त्यांचं, खाली शत्रू होता. तुझ्या वाटेवर कोण आहे?"

त्या रात्री ती जेवली नाही नीट. मला वाटलं, आता हा नाद सुटला. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं पट रिकामा केला आणि चौकटींची वही काढली.

आठवडा गेला त्यात. माझ्या मते हे पाहायला मिळणं हेच भाग्य होतं. आधी तिनं यादी केली, कुठल्या खोलीत मावसभाऊ फोनवर आनंदानं ओरडला होता, कुठे रडकुंडीला आला होता. पहिली खोली सोपी ठेवली, "त्याला वाटू दे की आपल्याला येतं." मग लगेच कुलपाचं दार, पेटीच्या आधी. मी विचारलं, का? "दार दिसलं की किल्ली शोधावीशी वाटते. आधीच किल्ली मिळाली तर ती नुसती खिशात पडून राहते." फाटे दोन ठेवले, पण कुठेच न जाणारा आता एका खोलीत संपत होता आणि त्या खोलीत पेटी होती. अवघड खोली तिनं काढली नाही, शेवटच्या आधी नेली. त्या एका जागेवर ती फार अडली. काढू की ठेवू, असं मला तीनदा विचारलं, आणि उत्तर न ऐकताच ठेवली.

जूनच्या पहिल्या पावसात डबा पुन्हा नाशिकला गेला.

या वेळी अण्णा आठवड्यातच परतले. पिशवी खाली ठेवायच्या आधी सांगू लागले. सव्वा तास लागला पोराला. तीनदा मेला, शेवटच्या आधीच्या खोलीत. बहीण जेवायला हाका मारत होती. अण्णांना राहवेना, काहीतरी सुचवावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तो मागे न बघता म्हणाला, "थांबा आजोबा, कळतंय मला." आणि मग राक्षस पडल्यावर खुर्चीवर उभाच राहिला.

लेकीनं सगळं दोनदा सांगायला लावलं. कुठे थांबला? किती वेळ? दार पाहून काय म्हणाला?

"ते सगळं राहू दे," म्हणत अण्णांनी डबा पुढे केला. चिवडा होता. चिवड्यात बाहुली, बैठकीला शेंगदाण्याचं साल चिकटलेलं. "त्यानं काहीतरी भरून दिलंय तुझ्यासाठी. चार दिवस बसला होता. मला बघू दिलं नाही."

तिनं साल पुसलं, बाहुली कंट्रोलरवर टेकवली. पडद्यावर सात खोल्यांचं छोटंसं डंजन उघडलं. पहिली खोली सोपी होती. दुसऱ्या खोलीत शिरताच ती ओरडली, "ही खोली त्याच्या लक्षात आहे!" वर्षापूर्वी ती तिथेच दोन दिवस अडकली होती आणि रागावून त्याला फोन केला होता.

पहिल्यांदा हरली. दुसऱ्यांदा हरली. तिनं मागे वळून पाहिलं. अण्णांनी तोवर खुर्ची ओढून तिच्या मागे घेतली होती. त्यांनी हाताची घडी घातली आणि पडद्याकडे पाहत राहिले.